त्या बाईला सांग

५ जानेवारी, सोमवार

ही डायरी खतवाल्याने फुकट वाटली. विद्याधर म्हणाला, "आई, तू काय लिहिणार यात? दुधाचे रतीब?" म्हटलं, तुझे गुण लिहीन, पानं पुरायची नाहीत. चौथी पास आहे मी, आणि ती त्या काळची चौथी. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण पेन धरलं की शाळेतल्या बाईंची भाषा हाताला येते, त्याला मी काय करू.

तर आज लिहिण्यासारखं घडलं. आमच्या अश्लेषाचा इंग्रजीचा क्लास सुरू झाला. तोही आमच्याच ओट्यावर! नात माझी. मालाडला कुठल्याशा कंपनीत तिला रात्रपाळीला फोनवर परक्या लोकांच्या शिव्या ऐकायची नोकरी होती. ऐकून ऐकून पोर वाळली. ती नोकरी सोडून आली आणि खोलीचं दार लावून बसली. हसणं नाही, बोलणं नाही. तिचा बाप म्हणजे माझा विद्याधर. त्याचं म्हणणं, पुण्याला मित्राच्या ऑफिसात धाडू, हॉस्टेलात राहील. धाडू! पार्सल आहे का? शेवटी असं ठरलं, की मार्चअखेरपर्यंत क्लास धरला तर धरला, नाहीतर पुणे. ठरलं म्हणजे त्याने ठरवलं. अश्लेषा "हो बाबा" म्हणाली. ही पोर जगाशी इंग्रजीत भांडेल, पण बाप समोर आला की हिची दातखीळ बसते.

विद्यार्थी काय बघायचे! शेजारच्या मार्गारेटची सून शर्ली आली. तिला परदेशात म्हाताऱ्या माणसांना सांभाळायची नोकरी हवी आहे. नवऱ्याला बोटीवरून यायला फुरसत नाही, आता ही पण निघाली. उमेळ्याच्या नव्या बिल्डिंगीतला संग्राम आला, तो मोबाइल विकतो, केसांना एवढं तेल की माशी घसरावी. आणि चर्चजवळच्या वाडीतल्या बायका, ज्यांना फक्त घराबाहेर पडायचं होतं. सोपाऱ्याला एक टायवाला सर आहे, 'तीस दिवसांत इंग्रजी' असा त्याचा बोर्ड, त्यावर त्याचाच फोटो. तीस दिवसांत वांगं धरत नाही मेलं.

पण अश्लेषा आज हसली. मी बघितलं.

८ जानेवारी, गुरुवार

मी क्लासात बसत नाही, अंगणात बसते. माझं काम असतं. राजेळी केळी पिकवून, सोलून, मांडवावर चटईला घालून वाळवायची, की झाली सुकेळी. कावळे हाकलायला माणूस लागतं. कावळे हाकलता हाकलता कान मोकळे असतात.

आज होतं बॉरो आणि लेंड. आपल्याकडे उसनं घेतात आणि उसनंच देतात, हात कुठल्या बाजूचा ते बघायचं, संपलं. गोऱ्यांना दोन्हीला वेगवेगळे शब्द लागतात. एवढ्या मुलखावर राज्य केलं आणि देणं कुठलं, घेणं कुठलं हे शब्द लावल्याशिवाय कळत नाही. संग्राम म्हणाला, "मॅम, फ्रेंडने मला बाइक बॉरो केली." अश्लेषाने परत समजावलं. वाडीतल्या बायका तोंडाकडे बघत राहिल्या. शर्लीने तर बरोबर उलटं सांगितलं. पोरीचा चेहरा उतरायला लागला, तेव्हा मी मांडवाजवळूनच ओरडले, "अगो, बॉरो म्हणजे मार्गारेट आणि लेंड म्हणजे मी!"

सगळा ओटा हसला. नंतर एकाचंही चुकलं नाही.

खोटं काही बोलले का मी? मार्गारेट आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन वटारला आलो, मी या घरात, ती कुंपणापलीकडच्या ख्रिस्ती घरात. तेव्हापासून ती नेते आहे. किसणी नेते, मोठं पातेलं नेते, सूप नेते. परत आणते, नाही असं नाही. पण पातेलं कधी रिकामं देणार नाही, काहीतरी शिजवून घालून आणते, म्हणजे ते पुन्हा मलाच घासावं लागतं.

१० जानेवारी, शनिवार

आता माझ्याशिवाय क्लासचं पान हलत नाही. अश्लेषा नुसते शब्द सांगते आणि मग अंगणात माझ्याकडे बघते, आजी, माणूस दे. मी माणूस देते.

हिअर आणि लिसन. "विद्याधर हिअर करतो. लिसन त्याने लग्नानंतर सोडलं." सी, लुक आणि वॉच. आपोआप दिसतं ते सी, डोळे वळवले की लुक आणि मार्गारेट पडद्याआडून आमच्याकडे कोण आलं ते बघते ते वॉच. ब्रिंग आणि टेक. "आमची सून सरला माहेरी आंबे टेक करते. तिकडून काही ब्रिंग केलेलं मी बघितलं नाही." सरला चहा घेऊन आली होती. ट्रे जरा जोरात ठेवला. ठेव बापडी.

वाडीत लहान पोरंसुद्धा म्हणत फिरताहेत, "बॉरो कोन? मार्गी आजी!" विद्या अशी पसरते. त्या टायवाल्याला जमेल का?

१३ जानेवारी, मंगळवार

आज शर्लीची मुलाखत होती, मोबाइलवर, तिच्या घरी. मार्गारेट नवं लुगडं नेसून शेजारी बसली होती, जशी काही हिचीच मुलाखत. पलीकडची मडम म्हणाली, घरच्यांबद्दल सांगा. शर्ली घाबरली आणि जेवढं पाठ होतं तेवढं सगळं ओकली. "माय मदर-इन-लॉ बॉरोज. शी नेव्हर लेंड्स. माय मदर-इन-लॉ वॉचेस नेबर."

मडम खूप हसली म्हणे. पुढच्या फेरीला घेतलंसुद्धा! माझ्या वाक्यांवर पास झाली, पण त्याचं कौतुक कोणाला? मार्गारेटने नातेवाइकांच्या पोराकडून अर्थ विचारून घेतला आणि कुंपणाशी आली. मला वाटलं बोंब मारेल. तिने बोंब मारली नाही. म्हणाली, "आशे, अख्ख्या जगाला सांगितलंस." आणि गेली. एवढ्याशा गोष्टीचं केवढं! आणि जग कुठलं, एक मडम तर होती.

१४ जानेवारी, बुधवार

तिळगूळ द्यायला गेले. दार लावून घेतलं. कडी मुद्दाम वाजवून लावली, मला ऐकू यावी म्हणून. राहिलं. मीच खाल्ला.

१७ जानेवारी, शनिवार

क्लासला फक्त संग्राम आला. शर्ली येत नाही, आणि शर्ली येत नाही म्हणून वाडीतल्या बायका येत नाहीत. म्हणे मार्गारेटबाईंचा अपमान झाला. या बायका महिन्याभरापूर्वी मार्गारेटच्या भाकरीलाही नावं ठेवायच्या. मेंढरं आहेत नुसती.

संग्राम म्हणाला, "आजी, सॉरी बोलून टाका ना, मॅटर क्लोज." म्हटलं, तुझं तेल पूस आधी.

विद्याधर आल्या आल्या पुण्याला फोन लावून बसला. अश्लेषाने खोलीचं दार लावलं. मी दाराबाहेर उभी राहून लिसन केलं. आतून आवाजच नाही.

२० जानेवारी, मंगळवार

केळ्यांना माणसांचे रुसवे कळत नाहीत. सगळी राजेळी एकदम पिकली, आजच सोलली पाहिजेत, नाहीतर उद्या काळी. दरवर्षी माझी आणि तिची केळी एकाच मांडवावर वाळतात, कारण ऊन माझ्या अंगणात आहे आणि हात तिच्याकडे आहेत. सरलाला सोलायला सांगितलं तर केळ्याचं भरीत करेल.

सकाळी सात वाजता मार्गारेट आपल्या टोपल्या घेऊन आली. माझ्याकडे पाठ करून बसली आणि सोलायला लागली. शर्ली टोपल्या उचलायला सोबत होती. थोड्या वेळाने मार्गारेट शर्लीला म्हणाली, "त्या बाईला सांग, चटई फाटलीय. केली खाली पडतील."

त्या बाईला! माझ्या अंगणात, माझ्या मांडवावर, मी त्या बाई!

मी पण शर्लीला म्हटलं, "त्या बाईला सांग, इतकी वर्षं चटई फाटकीच आहे आणि केळं एकही पडलेलं नाही."

शर्ली बिचारी एकदा इकडे, एकदा तिकडे. तिने पोचवायचं तरी काय, आम्हा दोघींना एकमेकींचं ऐकू येतच होतं. तेवढ्यात अश्लेषा ओट्यावर आली. तीन दिवसांनी खोलीबाहेर. खांबाला टेकून उभी राहिली, ऐकत राहिली. मग म्हणाली, "शर्ली, मराठीत नको पोचवूस. इंग्रजीत पोचव."

"आँ?"

"शी सेज. टेल हर. बोल."

शर्ली घाम पुसत म्हणाली, "शी सेज... द मॅट इज ओल्ड." मी म्हटलं, फाटकी म्हणाली ती, जुनी नाही, भाषांतरात लबाडी करू नकोस. मार्गारेट शर्लीला म्हणाली, "त्या बाईला सांग, स्वतःची जीभ फाटलीय ती बघ." शर्लीने तेही केलं. संग्राम कुंपणावरून बघत होता, तो म्हणाला, "भारी! मॅम, मी पण करू?"

ही कल्पना तशी माझीच म्हणायची, कारण भांडण माझं होतं.

२ फेब्रुवारी, सोमवार

क्लासला ओटा पुरत नाही, अंगणात बसतात! गासहून बायका येतात, रिक्षा करून. येतात इंग्रजी शिकायला असं सांगतात, येतात आमचं भांडण ऐकायला. मला काय कळत नाही? पण तोंडात तर इंग्रजी जातंच.

रीत अशी. दुपारी तीनला मार्गारेट येते, पाठ करून बसते. मी माझ्या जागेवर. मधे ज्याची पाळी तो उभा. ती बोलणार, त्याने मला इंग्रजीत पोचवायचं, अश्लेषा चूक काढणार, मग मी मराठीत उत्तर देणार, की पुन्हा तिकडे. यात से आणि टेल इतकं पक्कं झालं पोरांचं! से हवेत सोडायचं असतं, टेल कोणाच्या तरी अंगावर. टॉकला दोघं लागतात आणि दोघांचं बरं असावं लागतं, म्हणून ते आमच्याकडे होत नाही.

काल मार्गारेटने सांगायला लावलं की माझ्या लग्नात मी मांडवात झोपले होते. खोटं! डोळे मिटले होते. मी तिच्या नवऱ्याने तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती शेणाच्या टोपलीसकट घसरली होती ते काढलं. संग्रामला शेण म्हणजे इंग्रजीत काय ते येईना, तर मार्गारेट पाठ वळवूनच हसत होती. खांदे हलतात ना तिचे. मला दिसतं. मी लक्ष दिलं नाही.

एवढं तर आम्ही बोलत होतो तेव्हाही बोललो नव्हतो.

१८ फेब्रुवारी, बुधवार

नवीन संकट. मार्गारेट आज कपाळाला राखेचा क्रूस लावून आली. उपवासकाळ सुरू झाला. फादरनी म्हणे तिला विचारलं, शेजारणीशी अबोला आहे असं ऐकतो, या दिवसांत मन साफ करायचं असतं. ही साफ झाली तर क्लासचं काय? अश्लेषा पण माझ्याकडे बघायला लागली.

मार्गारेटने शर्लीकडून कळवलं, "शी सेज, शी टोल्ड फादर, शी टॉक्स टू यू एव्हरी डे थ्रू मी. इट इज नॉट सायलेन्स."

अश्लेषा म्हणाली, एकही चूक नाही. फादर काय म्हणाले ते मार्गारेटने सांगितलं नाही. तिने मांस सोडलंय, गोड सोडलंय, पण मला सोडलेलं नाही. लबाड बाई.

१५ मार्च, रविवार

शर्ली गेली. नोकरी लागली, कागद आले, गेली. विमानतळावर मार्गारेट गेलीच नाही, गुडघे दुखतात म्हणाली. हिचे गुडघे मी ओळखते, परवा गवताच्या गंजीवर चढली होती. जाताना शर्ली माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "आजी, मम्मीकडे बघा." म्हटलं, बघणं हिचं काम आहे, माझं नाही. रडली वेडी.

दुपारी तीनला मार्गारेट आली. क्लास सुरू झाला. तिची पाळी आली तर ती काही बोललीच नाही. संग्राम ताटकळत उभा. मीच मग त्याच्याकडून कळवलं, की त्या बाईने आज केस विंचरलेले नाहीत. चांगला टोला होता, वाया गेला.

२८ मार्च, शनिवार



विद्याधरला आज सुट्टी. क्लास भरला होता. हा मधूनच चपला वाजवत अंगणात आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "अश्लेषा, पुण्याचं नक्की झालं. एक तारखेला हजर व्हायचं. हे तमाशाचं खूळ बस झालं. हा काय क्लास आहे? दोन म्हाताऱ्या भांडतात आणि लोक बघतात."

अश्लेषाने मान खाली घातली. मला दिसलं, ओठ हलले, "हो बाबा" येणार आता. मी उठायला गेले तर पाय मुंग्यांनी भरलेला, ऐन वेळी!

मार्गारेटचा विद्याधरशी अबोला नाही. लहानपणी तिच्याच घरी पडीक असायचा हा. माझ्याकडे पाठ तशीच ठेवून ती सरळ त्याच्याकडे बघून म्हणाली, "विद्या, माझी गेली. मी तिला काय बोललेच नाय. जा पन नाय, नको पन नाय. गप बसले. मना वाटलं, न बोलता कलेल. कोनाला कलतं न बोलता? आता घरात पानी पिते त्याचा पन आवाज येतो."

विद्याधर म्हणाला, "मावशी, हा आमच्या घरचा प्रश्न आहे."

"आहे ना. मग तुझ्या पोरीला विचार."

अश्लेषाची मान खालीच. मग ती बापाकडे न बघता संग्रामकडे वळली आणि इतकं हळू म्हणाली, की मला पुढे वाकावं लागलं.

"संग्राम, टेल माय फादर. आय ॲम नॉट गोइंग."

दुकानात रोज शंभर लोकांना खोटं बोलणारा संग्राम, एक खरं वाक्य पोचवायचं तर आधी कपाळावरचं तेल पुसायला लागला. "अंकल... मॅम म्हणतात, ती जाणार नाही."

"तिला सांग, हा हट्टीपणा आहे," विद्याधर म्हणाला. संग्रामला म्हणाला! तिला नाही!

"टेल हिम, दे शाउटेड ॲट मी फॉर टू इयर्स. टेल हिम आय कुड नॉट ईट. टेल हिम आय नेव्हर टोल्ड हिम."

तोवर तिने मान वर केली होती. संग्रामने एकेक वाक्य मराठीत ठेवलं. दोन वर्षं लोक ओरडायचे. जेवण जायचं नाही. बाबांना कधी सांगितलं नाही. शेवटचं सांगताना त्याचाच आवाज फाटला. तेल लावतो, पण पोरगा वाईट नाही.

विद्याधर चपलेने माती उकरायला लागला, लहानपणी उकरायचा तशी. मग म्हणाला, "तिला विचार, आधी का नाही बोलली."

"टेल हिम, ही वॉज स्टँडिंग इन फ्रंट ऑफ मी."

संग्राम म्हणाला, "अंकल, मॅम म्हणतात, तुम्ही समोर उभे होतात म्हणून."

कोणीतरी हसलं. विद्याधर नाही हसला. पण म्हणाला, "तिला सांग... मी पुण्याला नाही म्हणून कळवतो." आणि आत गेला. थोड्या वेळाने मोरीत तोंड धुतल्याचा आवाज येत होता. धूळ असते ना अंगणात.

म्हणजे शेवटी क्लास वाचला तो माझ्या पद्धतीमुळेच. मार्गारेट उगाच मधे बोलली.

५ एप्रिल, रविवार

आज ईस्टर. क्लासला सुट्टी. अश्लेषा, विद्याधर आणि सरला अर्नाळ्याला गेले, समुद्रावर. तिघं एका स्कूटरवर, काय ते ध्यान! मला चल म्हणाले. सुकेळी उलटायची होती, कोण उलटणार?

दुपारी मार्गारेट चर्चहून आली, चांगलं लुगडं नेसलेली. आज काम नव्हतं, तरी आली आणि पाठ करून बसली. मी माझ्या जागेवर. मधे कोणीच नाही. ना शर्ली, ना संग्राम, ना गासच्या बायका. आता बोलायचं कोणामार्फत? मी बोलणार नव्हतेच. आधी तिने दार लावलं होतं. ती पण बोलेना. चटईवर कावळा येऊन बसला, मी हाकललासुद्धा नाही.

शेवटी मार्गारेट त्या कावळ्याकडे बघून म्हणाली, "त्या बाईला सांग, कोंबडी केलीय. तांदलाचे पोले केलेत. हाताला सवय आहे, दोघींचं शिजवलं गेलं."

माणूस एवढं खालच्या थराला जाऊ शकतं! कावळ्याशी!

कावळा माझ्याकडे बघत होता. मी त्याला म्हटलं, "त्या बाईला सांग, पातेलं घेऊन इकडेच ये म्हणावं. ताटं मी काढते. पण मी बोलणार नाही म्हणावं, समजली असशील तर."

ती उठली. गुडघे काही दुखत नव्हते. मी दोन ताटं मांडली. जेवताना आम्ही एक शब्द बोललो नाही, फक्त मी दोनदा कावळ्याला सांगितलं, मीठ जास्त आहे म्हणून. तिने कावळ्याला सांगितलं, मग दुसऱ्यांदा कशाला घेतेस.